बांधावरच्या निंबाखाली कपाशी बसते, हिवराखाली दादर तरारते, झाडं ठेवू की तोडू?

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं शेत अमळनेर तालुक्यात आहे, काळी जमीन पण खोल नाही, अडीच-तीन फुटांवर मुरूम लागतो. दक्षिणेच्या बांधावर जुने निंब आहेत ओळीने, आजोबांनी राखलेले, आणि उत्तरेच्या बांधावर हिवराची तीन-चार झाडं आहेत ती आपोआप आलेली. निंबाच्या बाजूला दरवर्षी सहा-सात ओळी कपाशी बसलेलीच असते, उंची अर्धी, बोंडं पण मोजकी, आणि पीक बदललं, दादर म्हणजे रब्बी ज्वारी घेतली, तरी तिथे तेच. हिवराच्या बाजूला मात्र झाडाच्या अगदी बुडाशी सुद्धा दादर हिरवीगार असते, कणीस भरतं, उलट वावराच्या मधल्या भागापेक्षा तिथे बरी वाटते मला.

आता काका म्हणतात निंबाच्या पाल्यात आणि मुळ्यांत कडू विष असतं, ते जमिनीत उतरतं म्हणून खाली काही होत नाही, तेव्हा यंदा उन्हाळ्यात सगळे निंब काढून टाकू, लाकडाचे पैसे येतील ते वेगळेच. शेजारचे आप्पा म्हणतात हिवर पण काढा, काटे आणि चिमण्यांचा त्रास. मला कोणतंच झाड तोडावंसं वाटत नाही, पण नुसतं वाटून घरात कोणी ऐकत नाही, मला कारण सांगता आलं पाहिजे. एक झाड शेजारच्या पिकाला दाबतं आणि दुसरं वाढवतं हे नेमकं कशामुळे होतं? निंबाचं खरंच विष असतं का? आणि एका पिकाचं दुसऱ्या पिकाशी पण असंच काही चालतं का म्हणजे तूर-ज्वारी आपण पिढ्यान्‌पिढ्या सोबत पेरतो त्यामागे काय आहे? जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज, मी सगळं वाचेन.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्याला वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं ते विषाचं नाही, दक्षिणेचा बांध आणि उत्तरेचा बांध हे. आधी सूर्याकडे बघू.

आपला भाग साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर येतो. मेच्या शेवटी आणि परत जुलैच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा झाडाची सावली झाडाखालीच पडते. जुलैच्या मध्यानंतर तो डोक्यावरून दक्षिणेकडे झुकत जातो आणि सावली उत्तरेला लांबत जाते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सुद्धा सूर्य जेमतेम 45 अंशांवर असतो, म्हणजे झाड जेवढं उंच तेवढी लांब सावली उत्तरेला. तुमचे निंब दक्षिणेच्या बांधावर आहेत म्हणजे त्यांची सावली तुमच्याच वावरात पडते, कपाशीला बोंडं भरायच्या वेळेला आणि दादरीला तर पूर्ण हंगाम. हिवर उत्तरेच्या बांधावर, त्याची सावली पलीकडे आप्पांच्या शेतात जाते! आप्पांना हिवर का नको आहे ते त्यातून कळतंच. तेव्हा निंब वाईट आणि हिवर चांगला हे ठरवायच्या आधी दोघांना सारखी जागा मिळालेलीच नाही हे लक्षात घ्या.

तुमची कपाशी 4 फुटांवर असेल तर सहा-सात ओळी म्हणजे 24 ते 28 फूट. निंबाची उंची किती आहे?

दुसरं म्हणजे झाडाची छत्री. निंब दाट असतो, पाला झडतो तो साधारण फेब्रुवारी-मार्चला आणि लगेच नवी पालवी फुटते, म्हणजे पिकाच्या काळात तो भरलेलाच. हिवर बाभळीच्या जवळचा, पानं बारीक, ऊन चाळून खाली येतं. राजस्थानात खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड, तिच्याखाली बाजरी मुद्दाम घेतात आणि तिथे झाडाखालच्या मातीत सेंद्रिय कर्ब आणि नत्र उघड्या जागेपेक्षा जास्त सापडतं हे भरपूर तपासलं गेलंय. छत्री विरळ, मुळं खोल, पाला पौष्टिक आणि वरून हिवाळ्यात शेतकरी फांद्या छाटून चाऱ्याला नेतात म्हणजे रब्बीला सावली आणखी कमी.

आणि एक प्रश्न, तुमची गुरं कुठे बांधता?

बोरीकाठ

सर, निंब तीस-पस्तीस फूट असतील. आणि गुरं… पिकं निघाली की पावसापर्यंत बैल हिवराखालीच बांधलेले असतात, कारण विहीर त्या बाजूला आहे. शेळ्या पण शेंगा खायला तिथेच घुटमळतात. हे मी कधी जोडलंच नव्हतं एकमेकांशी.

पांझराकाठ

मग हिवराखालच्या दादरीचं काही श्रेय बैलांना पण जातं. शेण-मूत तिथेच पडतं, पक्षी वर बसतात त्यांची विष्ठा पडते, झाडाचा पाला पडतो. झाड एका जागी माल गोळा करून ठेवतं, त्यातला काही स्वतःच्या मुळांनी खालून वर आणलेला आणि काही दुसऱ्यांनी आणून टाकलेला. दोन्ही वेगळे करून मोजल्याशिवाय कोणाचं किती ते सांगता येत नाही.

आता विषाबद्दल. एक वनस्पती रसायनं सोडून दुसरीला दाबते याला अ‍ॅलेलोपथी म्हणतात, नाव 1937 मध्ये हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने दिलं. अक्रोडाचं उदाहरण प्रसिद्ध आहे, काळ्या अक्रोडाच्या मुळांतून आणि पाल्यातून येणाऱ्या जुग्लोनमुळे टोमॅटो सुकतात. आपल्याकडे गाजर गवतातलं पार्थेनिन. निंबाच्या पाल्याचा अर्क बशीत बियांवर टाकला तर उगवण कमी होते हे प्रयोगशाळेत दिसतं, खोटं नाही. पण बशीत आणि वावरात फार अंतर आहे. पाल्याचा कडक काढा करून बियांवर टाकला तर बहुतेक कुठल्याही झाडाचा काढा काहीतरी नुकसान करतो. वावरात तेच रसायन पावसाने पातळ होतं, काळ्या मातीची चिकण त्याला धरून ठेवते, जीवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे बशीतल्या निकालावरून झाड तोडू नये असं माझं ठाम मत आहे.

यावर एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो. कॅलिफोर्नियात सुगंधी पानांची झुडपं असतात, त्यांच्याभोवती गवत उगवत नाही, उघड्या मातीचं कडं दिसतं. 1964 मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी सायन्स या जर्नलमध्ये लिहिलं की पानांतून उडणारी तेलकट द्रव्यं गवताला मारतात. पटणारं होतं, पानांना वास येतोच, द्रव्यं मातीत सापडतात, बशीत बी मरतं. पुस्तकात गेलं, फोटोसकट. मग 1970 मध्ये बार्थोलोम्यू नावाच्या संशोधकाने त्याच कड्यात तारेच्या जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत मस्त वाढलं! कारण उंदीर आणि ससे झुडपात लपतात, शिकारी पक्ष्याच्या भीतीने लांब जात नाहीत, आणि झुडपाच्या कडेकडेने फिरून सगळं गवत आणि बी फस्त करतात. म्हणजे रसायनाचा वाटा अजिबात नाही असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण मोठा हात तिसऱ्याच कोणाचातरी होता. झुडूप गवताला मारत होतं हे खरंच, फक्त उंदराला आसरा देऊन. म्हणून झाडाखाली काही उगवत नाही असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो तिथे बसतं कोण, चरतं कोण.

केळीवाला_रावेर

सर एकदम भारी सांगितलं. तिसऱ्याच्या हाताने मारणं म्हणजे आमच्या केळीची कथा. इकडे रावेर-यावल पट्ट्यात हरण्या रोग येतो, पानावर पिवळ्या रेघा, पोंगा सडतो, त्याचं कारण सीएमव्ही म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू. नावातच काकडी आहे तरी लोकं केळीत काकडी, गिलकी, टमाटे, मिरची आंतरपीक घेतात नाहीतर शेजारच्या तुकड्यात लावतात. आता काकडीचं आणि केळीचं भांडण काय आहे तर काहीच नाही, काकडी केळीचं पाणी पण फार ओढत नाही, सावली तर तिची पडतच नाही. पण विषाणू वेलीवर राहतो, मावा तिथे रस पितो आणि उडून केळीवर येऊन एक डंख मारून बघतो, झालं काम. केळी माव्याला आवडो न आवडो, एका डंखात पण विषाणू जातो. आमच्या गावात पावसाळ्यात ढगाळ वातावरण राहिलं त्या वर्षी लोकांनी कोवळी बाग उपटून टाकलीय, आणि बांधावरचं तण तसंच ठेवलं होतं, त्या तणात पण तो विषाणू राहतो. रोगट बागेतले कंद लावले तर तो रोपासोबतच येतो ते वेगळंच. म्हणून माझं म्हणणं आहे की शेजारी काय लावलंय एवढं बघून भागत नाही, त्याच्यावर कोण पोसलं जातंय ते पण बघा.

पांझराकाठ

अगदी बरोबर भाऊ. याला शास्त्रात सुद्धा वेगळं नाव आहे, भासमान स्पर्धा म्हणू शकतो, रॉबर्ट होल्ट यांनी 1977 मध्ये मांडलेली कल्पना. वरून बघणाऱ्याला वाटतं दोघांची स्पर्धा चालू आहे, प्रत्यक्षात दोघांचा शत्रू एक असतो आणि एकाच्या जिवावर तो वाढून दुसऱ्यावर जातो. तुमचं उदाहरण मी वर्गात वापरणार.

जुना_कास्तकार

बराबर प्रश्न शे ताई, मी बी हाऊच इचार करस कितला वरीस झाले. सगळ्यांना समजलं पाहिजे म्हणून मराठीतच लिहितो.

झाडाचं सर सांगतील, मी ज्वारीचं सांगतो. आमच्याकडे शिंदखेड्याच्या बाजूला हलक्या जमिनीत ज्वारीवर टारफुला यायचा, पांढऱ्या फुलाची वीतभर वनस्पती, हिरवीगार दिसते म्हणून नवख्याला वाटतं साधं तण आहे. उपटायला गेलं की कळतं, ती ज्वारीच्या मुळीला चिकटलेली असते. ती वर दिसायच्या आधीच ज्वारी पिवळी पडलेली असते, पाणी असून सुकते, म्हातारी माणसं म्हणायची जमिनीला नजर लागली. आमचे वडील मात्र टारफुला दिसला की त्या वावरात दोन वर्षं ज्वारी घ्यायचे नाहीत, पऱ्हाटी लावायचे, मग तिसऱ्या वर्षी ज्वारी साफ. का ते त्यांना सांगता यायचं नाही. फक्त म्हणायचे कपाशी टारफुल्याला फसवते. सर, यात तथ्य आहे का? कारण आताची पोरं म्हणतात नुसती फेरपालट झाली म्हणून तण कमी झालं, कपाशीचं काही विशेष नाही.

पांझराकाठ

काका, तुमच्या वडिलांनी जे सांगितलं ते शब्दशः खरं आहे, आणि त्यामागे इतकं सुंदर कारण आहे की मला थोडं लांबवून लिहू द्या.

टारफुल्याचं बी धुळीएवढं, मिलिमीटरचा पाव भाग. एवढ्याशा बियात साठवलेलं अन्न जवळपास नसतं, म्हणजे उगवल्यावर थोड्या दिवसांत यजमानाचं, म्हणजे ज्याच्यावर ते जगतं त्या पिकाचं, मूळ सापडलं नाही तर ते मरणार. म्हणून ते मातीत पडून राहतं, दहा-दहा वर्षांपेक्षा जास्त जिवंत राहू शकतं, आणि जोवर जवळ मूळ आल्याची खूण मिळत नाही तोवर उगवतच नाही. ही खूण म्हणजे मुळांतून पाझरणारी स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं. त्यातलं पहिलं द्रव्य, स्ट्रायगॉल, 1966 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि ते ज्वारीच्या मुळांतून काढलेलं नव्हतं, कपाशीच्या मुळांतून काढलं होतं! कपाशीच्या मुळांतून ती खूण जाते, टारफुल्याचं बी समजतं यजमान आला, उगवतं, आणि कपाशीच्या मुळीत त्याला शिरता येत नाही. उपाशी मरतं. जमिनीतला बियांचा साठा असा कमी होत जातो. तेव्हा पोरांना सांगा, रिकामी ठेवलेली जमीन आणि कपाशी लावलेली जमीन यात फरक आहे, रिकाम्या जमिनीत बी झोपून राहतं आणि कपाशीत ते उठून मरतं. साठा मोठा असेल तर एका हंगामात सगळं संपत नाही, म्हणूनच ते दोन वर्षं घ्यायचे.

पण मग वनस्पती अशी खूण सोडतेच कशाला, शत्रूला बोलावणं कोण पाठवेल? याचं उत्तर 2005 मध्ये मिळालं, जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही द्रव्यं मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशीला, म्हणजे मायकोरायझाला बोलावण्यासाठी असतात. ती बुरशी स्फुरद आणून देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. जमिनीत स्फुरद कमी असला की झाड ही द्रव्यं जास्त सोडतं. टारफुला हे बोलावणं चोरून ऐकतो. तुम्ही म्हणालात हलक्या जमिनीत यायचा, ते ह्याच्याशी जुळतं, भुकेली ज्वारी जास्त हाका मारते. म्हणून ज्वारीला खत दिलेल्या जमिनीत टारफुल्याचा जोर कमी असतो. आणि एक काळजी घ्या सगळ्यांनी, फूल यायच्या आत उपटा, एका रोपाला हजारोंनी बी येतं.

ताईंनी तूर-ज्वारीचं विचारलं होतं ते पण इथेच जोडतो. ज्वारीची मुळं वरच्या थरात दाट, ती झपाट्याने वाढते आणि निघून जाते. तूर पहिले दोन-तीन महिने दबून असते, मूळ मात्र सरळ खाली नेते आणि ज्वारी निघाल्यावर खालच्या ओलीवर वाढते. दोघांचा भुकेचा काळ वेगळा आणि जेवायची खोली पण वेगळी, म्हणून एका तुकड्यात दोघं मावतात. तुरीच्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र ती जिवाणूंकडून घेते म्हणून ज्वारीच्या नत्रावर फारशी अवलंबून राहत नाही. शिवाय तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरतं आणि लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा होतो, हे 1990 मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेतल्या कामातून पुढे आलं. मात्र ते लाल जमिनीला जास्त लागू, आपल्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असतो आणि तिथे हरभऱ्याच्या मुळांतली आम्लं कामाची.

जुना_कास्तकार

सर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

सातपुड्याची_लेक

मी अक्राणीकडची, आमच्याकडे शेतापेक्षा जंगलाचा संबंध जास्त. इथे सगळे स्पर्धेबद्दल बोलताहेत म्हणून मला दुसरी बाजू लिहायची आहे. आमच्याकडे चराईच्या पडीक माळावर तुम्ही बिया फेकल्या किंवा रोपं लावली तर एप्रिल-मेच्या उन्हात काही राहत नाही, राहिलं ते शेळ्या खातात. पण बोराटीचं जाळं बघा, त्याच्या आत हात घालून बघा. निंबाचं रोप, कधी पळसाचं, कधी टेंभुर्णीचं, आतल्या आत वाढत असतं. काट्यांमुळे शेळीचं तोंड पोचत नाही, आत माती थंड असते, वाळलेला पाला अडकतो त्यामुळे ओल टिकते, आणि निंबोळ्या तिथे येतात त्या पाखरांमुळे, पाखरू वर बसतं आणि बी टाकतं. दहा-पंधरा वर्षांनी निंब वर निघतो, छत्री पसरतो, आणि मग खालची बोराटी हळूहळू मरते. ज्याने वाढवलं त्यालाच सावलीत टाकतं. लहानपणी मला हे फार वाईट वाटायचं, आता वाटतं एकाच जोडीचं नातं वयाप्रमाणे बदलतं, त्याला चांगलं-वाईट असं एक नाव देऊन चालत नाही.

लोकं वृक्षारोपण करताना पहिलं काम काय करतात तर जेसीबीने सगळी काटेरी झुडपं साफ करतात. मग खड्डे, मग टँकरचं पाणी, मग दुसऱ्या वर्षी तेच खड्डे परत. बोराटी ठेवून तिच्या उत्तर बाजूला रोप लावलं तर अर्धं काम झुडूप करतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, झुडपं साफ करू नका.

धुळे-जळगावकडच्या अंजनाचं पण असंच काहीतरी शिकण्यासारखं आहे. अंजन मुरमाड, खडकाळ उतारावर वाढतो जिथे साग खुरटतो. रोप असताना वर काही दिसत नाही, सगळी ताकद मुळीला, फटीफटीतून खाली. चांगल्या खोल मातीत मात्र इतर झाडं त्याला मागे टाकतात. म्हणजे अंजनाला खडक आवडतो म्हणून तो तिथे आहे की दुसऱ्यांनी त्याला तिथे ढकललंय, हे मला सरांना विचारायचं आहे.

पांझराकाठ

ताई, फार नेमका प्रश्न. इंग्लंडमध्ये टान्सली यांनी 1917 मध्ये अगदी हेच तपासलं होतं, गॅलियम या छोट्या, मऊ खोडाच्या वनस्पतीच्या दोन जाती, एक चुनखडी जमिनीत सापडणारी आणि एक आंबट जमिनीत. एकेकट्या लावल्या तर दोन्ही जाती दोन्ही मातीत जगल्या. सोबत लावल्या तर जिची माती तिने दुसरीला दाबून टाकलं. म्हणजे निसर्गात एखादी वनस्पती जिथे दिसते ती तिची आवडीची जागा असेलच असं नाही, तिथे तिला टिकू दिलं गेलं एवढंच नक्की. अंजन चांगल्या मातीत एकटा लावला तर चांगलाच वाढतो. खडकावर त्याला सोसतं आणि बाकीच्यांना सोसत नाही, हे त्याचं बळ.

आणि तुमच्या बोराटीबद्दल, 1994 मध्ये बर्टनेस आणि कॅलवे यांनी मांडलं की जिथे ऊन, दुष्काळ, चराई असा ताण जास्त तिथे वनस्पतींचं एकमेकांना सावरणं वाढतं आणि जिथे सुखाची जागा तिथे स्पर्धा वाढते. सगळीकडे तंतोतंत लागू पडतं असं नाही, त्यावर वाद आहेत, पण भुसावळ-जळगावचा मे महिना बघितलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. म्हणून अमळनेरच्या ताईंना सांगतो, बागायती तुकड्यात जे झाड पिकाला अडचण वाटतं तेच कोरडवाहू माळावर आधार असू शकतं.

केळीवाला_रावेर

सर एक शंका, मोबाईलवर व्हिडिओ येतात की जंगलात झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पाठवतात, आई झाड पिल्लांना जगवतं. मग ताईंचा निंब कपाशीला का नाही देत?

पांझराकाठ

मूळ काम 1997 चं, कॅनडातल्या सुझान सिमार्ड यांचं, नेचरमध्ये आलेलं. बर्च आणि डग्लस फर या झाडांच्या रोपांमध्ये कर्ब इकडून तिकडे जातो हे त्यांनी दाखवलं. काम महत्त्वाचं आहे. पण त्यावरून जे व्हिडिओ बनले ते फार पुढे गेले. 2023 मध्ये जस्टिन कार्स्ट आणि दोन सहकाऱ्यांनी सगळे पुरावे परत तपासून लिहिलं की प्रत्यक्ष जंगलात अशा जाळ्यातून झाडं एकमेकांना भरवतात, ओळखून आपल्याच पिल्लांना देतात, याला पुरेसा आधार मिळालेला नाही. बुरशी आहे, ती झाडांना उपयोगी आहे, यात वाद नाही. ती स्वतःच्या पोटासाठी जगते हे पण विसरू नये. निंबाच्या मुळांना जोडलेली बुरशी कपाशीपर्यंत जाते का, कपाशीला किती मिळतं, हे कोणी मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मी हे सगळं रात्री काकांना वाचून दाखवलं. उंदीर-सशांची गोष्ट त्यांना आवडली, आणि सावलीचं तर ते सकाळी स्वतः जाऊन काठी रोवून बघून आले. पण त्यांनी एक मुद्दा काढला तो मला बरोबर वाटतो. ते म्हणतात सावली उत्तरेला लांबते मान्य, पण ऑक्टोबरमध्ये पाऊस गेल्यावर निंबाजवळची कपाशी सकाळी अकराला पण माना टाकते आणि मधली कपाशी टवटवीत असते, सावलीतलं झाड सुकायला नको ना, म्हणजे निंब पाणी ओढतो. मग सावली की पाणी? तोडणं मात्र एक वर्ष पुढे ढकललंय, एवढं मी मिळवलं.

पांझराकाठ

काकांचा मुद्दा पक्का आहे, माझ्यापेक्षा वावर त्यांना जास्त कळतं. सावलीतलं पीक लांबट-पिवळट होतं, बोंडं कमी धरतं, पण माना टाकत नाही. माना टाकते म्हणजे मुळाशी ओढाताण आहे. तुमच्याकडे मुरूम तीन फुटांवर, निंबाच्या मुळ्या खाली जायला अडतात म्हणून आडव्या पसरतात आणि कपाशीच्याच थरात येतात. खोल जमिनीत हाच निंब कदाचित इतका त्रास देणार नाही.

दोन्ही वेगळं करून बघायचा मार्ग आहे आणि तो जंगलातल्या अभ्यासात पण वापरतात. पेरणीच्या आधी एक-दोन निंबांच्या समोर, बांधाला समांतर चर खणा, फूटभर रुंद, मुरूम लागेपर्यंत खोल. बुंध्यापासून निदान बारा फूट सोडा आणि एकाच बाजूने खणा, नाहीतर वादळात झाड कोसळेल. चरात दिसतील त्या मुळ्या तोडा आणि माती परत भरा. दुसऱ्या एक-दोन निंबांना चर नको, पण त्यांच्या खालच्या फांद्या आणि उत्तरेकडच्या फांद्या छाटा म्हणजे ऊन आत येईल. उरलेल्या निंबांना काहीच करू नका, ते तुलनेला लागतील. मग ऑक्टोबरमध्ये तिन्हीकडे समोरच्या ओळी बघा. चराच्या समोर कपाशी सुधारली तर भांडण पाण्याचं, छाटलेल्या समोर सुधारली तर उन्हाचं, दोन्हीकडे थोडी-थोडी सुधारली तर दोन्हीचं, आणि मला वाटतं तसंच निघेल. कुठेच काही फरक पडला नाही तर मग विषाचा विचार करू. मुळ्या परत येतात, दर एक-दोन वर्षांनी चर उकरावा लागतो हे आधीच सांगून ठेवतो.

बोरीकाठ

चरासाठी काका तयार आहेत. छाटणीचा पाला कुठे टाकू, तिथेच पडू दिला तर विषाची शंका परत निघेल.

पांझराकाठ

तिथे नको, निकाल गढूळ होईल. शेळ्या खातील तेवढा खाऊ द्या, उरलेला लांब कुठेतरी कंपोस्टला टाका. आणि बैल यंदा हिवराऐवजी थोडे दिवस विहिरीच्या दुसऱ्या बाजूला बांधता आले तर बांधा, म्हणजे हिवराच्या वाट्याचं काय आणि बैलांच्या वाट्याचं काय तेही पुढच्या दादरीत दिसेल.

जुना_कास्तकार

ताई, ऑक्टोबरमध्ये फोटो टाका, चराचा आणि बिनचराचा वेगवेगळा. मी माझ्या बांधावर पण खणतोय, माझे निंब पूर्वेच्या बांधावर आहेत, सावली दुपारनंतर बाहेर जाते.